भाषेची म्हणे अडचण!

इटलीहून परत येऊन मला आता चार महिने होत आले. या चार महिन्यांत धरमपेठेपासून महालापर्यंत जो जो भेटला त्याने मला एकच प्रश्न विचारला. तिकडचे रस्ते कसे आहेत, हे कोणाला जाणून घ्यावयाचे नव्हते. जन्मभर डाव्या बाजूने मोटार हाकलेल्या माणसाला उजव्या बाजूने हाकताना घाम फुटला की नाही, याचीही चौकशी कोणी केली नाही. सर्वांचा प्रश्न एकच: "पण भाषेचं कसं जमवलं हो तुम्ही?" आणि मौज अशी की विचारणाऱ्याजवळ उत्तर आधीच तयार असते. "इंग्रजी चालतच असेल म्हणा," असे एक म्हणतो. "आता काय, मोबाइल सारं सांगून देते," असे दुसरा म्हणतो. मी तोंड उघडेपर्यंत चहा येतो आणि गाडी उन्हाळ्यावर किंवा महापालिकेवर घसरते.

तेव्हा मनात साचलेले उत्तर आता येथेच लिहून मोकळा होतो. ते गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझे म्हणणे असे की, आपण जिला भाषेची अडचण म्हणतो ती पुष्कळ वेळा भाषेची नसतेच. ती कधी गर्वाची असते, कधी लाजेची असते, आणि बहुतेक वेळा निव्वळ आळसाची असते. ती मला इटलीत भेटली त्याहून अधिक आपल्या नागपुरात भेटते, आणि ती पोसण्याच्या पापात मीही वाटेकरी आहे.

प्रथम वस्तुस्थिती. आम्ही उभयता बारा दिवस भाड्याची मोटार घेऊन तोस्काना प्रांतात हिंडलो. त्यासाठी आपल्या परवान्याबरोबर परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा लागतो. तो १९४९ साली जिनिव्हा येथे झालेल्या वाहतूक-कराराप्रमाणे मिळतो आणि एक वर्ष चालतो. लहानशी पुस्तिका असते. तीत तोच तो मजकूर वेगवेगळ्या भाषांत पुनःपुन्हा छापलेला. ती चाळताना माझ्या मनात आले की, १९४९ साल म्हणजे महायुद्ध संपून अवघी चार वर्षे झालेली. ज्यांनी एकमेकांची शहरे बेचिराख केली, त्याच राष्ट्रांनी एका टेबलाशी बसून ठरविले की, परक्या देशाचा माणूस आपल्या रस्त्यावर गाडी हाकू लागला तर त्याला हाकू द्यावी. पुढे १९६८ साली व्हिएन्नाला रस्त्यावरच्या खुणांचा करार झाला. लाल कडेचे वर्तुळ म्हणजे मनाई आणि लाल कडेचा त्रिकोण म्हणजे सावधगिरी, ही खुणांची भाषा त्यामुळे जगाच्या मोठ्या भागात एक झाली. वर्धा रोडवर ज्याला या खुणा वाचता येतात तो इटलीत अगदीच निरक्षर ठरत नाही. भाषेच्या अडचणीचा अर्धा डोंगर असा कोणीतरी आपल्यासाठी आधीच उपसून ठेवला आहे. त्या लोकांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, आणि त्यांचे आभार मानण्याची आपल्याकडे पद्धतही नाही.

उरलेला अर्धा डोंगर मात्र शब्दांचा आहे, आणि तेथे आपले इंग्रजी कसे तोंडघशी पडते ते सांगतो. आम्हांला फ्लॉरेन्सकडे जावयाचे होते. पाट्यांवर फ्लॉरेन्स कोठेच नाही! जिकडे तिकडे 'फिरेन्झे'. फ्लॉरेन्स हे नाव इंग्रजांनी आपल्या सोयीसाठी घेतलेले, आणि आपण ते इंग्रजांच्या पुस्तकांतून उचललेले. त्या गावाने स्वतः आपले नाव कधी टाकले नाही. तीच गत व्हेनिसची, तीच नेपल्सची. व्हेनेत्सिया आणि नापोली असे लिहिणाऱ्यांना परक्या पाहुण्याची पर्वा नाही असे नव्हे. पण घरावरची पाटी घरधन्याच्या नावाची असते, पाहुण्याच्या नावाची नसते, एवढे त्यांना कळते.

दुसरा प्रसंग पेट्रोल पंपावरचा. तिकडे बऱ्याच पंपांवर आपल्या हाताने इंधन भरावयाचे असते. आमची मोटार पेट्रोलची. पंपावर दोन नळ्या. एकीवर 'बेंझीना', दुसरीवर 'गाझोल्यो'. अमेरिकन लोक पेट्रोलला 'गॅस' म्हणतात, हे मी सिनेमांतून शिकलेलो. तेव्हा गॅस म्हणजेच गाझोल्यो, असे माझ्या इंग्रजीने मला ठणकावून सांगितले आणि माझा हात तिकडे गेला. पलीकडे आपल्या जुनाट गाडीत इंधन भरणारा एक म्हातारा ओरडत आला आणि त्याने चक्क माझे मनगट धरले. गाझोल्यो म्हणजे डिझेल! इंग्रजी न येणारा माणूस त्या नळीपुढे बुचकळ्यात पडला असता आणि त्याने कोणाला तरी विचारले असते. मला इंग्रजी येत होते म्हणून मी विचारले नाही.

तिसरा प्रसंग मोबाइलच्या भक्तांसाठी राखून ठेवला आहे. इटलीतल्या जुन्या शहरांच्या गाभ्यात परक्या मोटारींना मज्जाव असतो. वेशीवर पाटी असते आणि वर कॅमेरा असतो. अशाच एका गावाच्या वेशीवर विजेच्या अक्षरांत लिहिले होते: 'वार्को आत्तीव्हो'. पत्नीने मोबाइल त्या अक्षरांपुढे धरला. मोबाइलने तत्परतेने भाषांतर केले: 'प्रवेशद्वार चालू'. चालू आहे म्हणजे उघडे आहे, असे समजून मी गाडी आत घातली. अर्थ नेमका उलटा होता. पहारा चालू आहे, म्हणून आत येऊ नका, असे ती पाटी सांगत होती. पहारा चालू नसेल तेव्हा आत जावयाचे. शब्दाला शब्द बरोबर होता आणि वाक्याचा अर्थ पार बुडाला होता. त्याच पाटीवर लाल कडेचे पांढरे वर्तुळही होते. ते पाहिले असते तरी वाचलो असतो. पण मी खुणा सोडून भाषांतर वाचत होतो. नागपुरास परतल्यावर यथावकाश दंडाची नोटीस आली. ती मी निमूटपणे भरली, कारण चूक माझीच होती.

यंत्राला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. तेच यंत्र नसते तर डोंगरातल्या चाळीस वळणांवर आमचे काय झाले असते कोण जाणे. परंतु यंत्राजवळ जे विचारावे त्याचे उत्तर असते; आपण काय विचारावयास हवे होते, ते त्याला ठाऊक नसते. 'कुठून आलात? कुठे जाता? मग या वाटेने कशाला?' असे उलट विचारणारे माणूसच लागते.

आणि अशी माणसे आम्हांला भेटली. त्यांच्याशी आम्ही कोणत्या भाषेत बोललो? निघण्यापूर्वी मी चाळीसेक इटालियन शब्द एका वहीत लिहून पाठ केले होते. 'स्कूझी' म्हणजे माफ करा, 'ग्रात्सिये' म्हणजे आभारी आहे, 'देस्त्रा' उजवे, 'सिनिस्त्रा' डावे, 'द्रित्तो' सरळ. देस्त्रा आणि द्रित्तो यांचा घोटाळा मी शेवटच्या दिवसापर्यंत केला आणि त्यामुळे दोन द्राक्षमळे व एक स्मशान अकारण पाहून आलो. पण एवढ्या तुटपुंज्या शिदोरीवर दारे उघडली. एका खेड्यात मी 'स्कूझी' म्हटल्याबरोबर एका गृहस्थाने हातातली पिशवी खाली ठेवली, माझ्या मोटारीच्या धुळकट बॉनेटवर बोटाने नकाशा काढला, तिथे चर्च, इथे पूल, पुलाशी डावीकडे, असे मला समजावले. मी मान हलवली तेव्हा त्याला ती मान खरी वाटली नाही, म्हणून पुन्हा पहिल्यापासून समजावले. सारा वेळ तो इटालियनच बोलत होता. इंग्रजी येत नाही म्हणून तो एकदाही वरमला नाही, आणि मला इटालियन येत नाही म्हणून एकदाही खेकसला नाही. त्याने आपली भाषा सोडली नाही आणि मलाही वाऱ्यावर सोडले नाही. मला जे म्हणावयाचे आहे ते सारे या एका गृहस्थात आले आहे. पुढचे फक्त आपल्या पदरात माप घालणे आहे.

परतल्यावर आठवडाभरातली गोष्ट. पाऊस भुरभुरत होता. वर्धा रोडवर जामठ्याजवळ एक ट्रक कडेला उभा होता. त्याच्या कपाळावर तेलुगू अक्षरे. चालक खाली उतरून येणाऱ्याजाणाऱ्याला हात दाखवीत होता. मी गाडी हळू केली आणि काच चार बोटे खाली घेतली. तो म्हणाला, "सार, कलमना मार्केट... रिंगरोड... कैसा?" इटलीत चाळीस शब्दांवर बारा दिवस काढून आलेला हा मनुष्य त्याला काय म्हणाला असेल? "भैया, मॅप में डाल दो!" आणि काच वर गेली. आरशात पाहिले तेव्हा दिसले की मोबाइल त्याच्या हातातच होता. नकाशा असूनही त्याने मला विचारले होते. लहान मोटारीची वाट मालाने भरलेल्या ट्रकला चालत नाही, कोठल्या वेळी शहरात अवजड गाडीला बंदी असते, कोठला पूल ठेंगणा आहे, हे त्या नकाशाला कळत नाही आणि मला कळत होते. पहारा चालू असलेल्या वेशीत मी ज्या यंत्राच्या भरवशावर घुसलो, त्याच यंत्राच्या हवाली मी त्याला केले. त्याला दंड झाला की नाही, देव जाणे. माझे मनगट धरणारा म्हातारा मला त्या रात्री फार आठवला.

आता कोणी म्हणेल, एका माणसाच्या एका उद्धटपणावरून गावाला बोल का लावता? कारण ही एकट्याची गोष्ट नाही. नागपुरातल्या रिक्षात बसा. तुम्ही मराठी, रिक्षावाला मराठी, आणि संभाषण हिंदीत! परवा मी असाच दहा मिनिटे हिंदीत घासाघीस करीत होतो. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो म्हणाला, "हो माय, येऊनच राहिलो." आम्ही दोघे हसलो. आणि हसून झाल्यावर त्याने मला विचारले, "तो चौक से लेफ्ट लेना ना, साहब?" मी म्हणालो, "हां, लेफ्ट." सापडलेली भाषा आम्ही दोघांनी मिळून पुन्हा हरवली.

याला इतिहास आहे, हे मला मान्य आहे. १९५६ पर्यंत नागपूर ही जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी होती, आणि त्या राज्यात हिंदी व मराठी या दोन्ही राज्यकारभाराच्या भाषा होत्या. हिंदी येथे परकी नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची शेजारीण आहे. तिच्याशी माझे भांडण नाही. हिंदी बोलणाऱ्याशी हिंदीत बोलावे, त्यात कमीपणा कसला? माझे भांडण दोन मराठी माणसांच्या मधोमध उभ्या राहणाऱ्या त्या अदृश्य लाजेशी आहे. आपण तिला उदारपणा असे नाव दिले आहे. पण उदार मनुष्य आपल्या घरातले दुसऱ्याला देतो; स्वतःच घर सोडून जात नाही. इटलीत जाऊन मी मोडके इटालियन बोललो तर ते कौतुकास्पद, आणि नागपुरात धड मराठी बोललो तर ते गावंढळ, हा कोठला न्याय?

येथपर्यंत माझे बोलणे ऐकून एका पक्षाचे लोक टाळ्या वाजवू लागतील. त्यांना मी हात जोडून थांबवतो, कारण माझे खरे भांडण त्यांच्याशीही आहे. हे गृहस्थ म्हणतात, त्या ट्रकवाल्याने मराठीत विचारल्याशिवाय त्याला वाट सांगूच नये. आणि न ऐकेल तर चार चौघांत त्याचा कान धरावा. मराठी येत नाही म्हणून परगावच्या गरीब माणसाच्या थोबाडीत मारावयाची आणि तो प्रकार मोबाइलवर टिपून सगळ्या जगाला दाखवावयाचा, याला आजकाल भाषाभिमान म्हणतात. मी त्यांना विचारतो, तोस्कानातल्या त्या खेड्यात मला देस्त्रा आणि द्रित्तोतला फरक कळेना म्हणून कोणी माझ्या कानशिलात लगावली असती, तर मी इटालियन शिकलो असतो काय? मी पुढल्या गाडीने परत आलो असतो आणि जन्मभर त्या भाषेच्या नावाने बोटे मोडली असती. शिवाय हे वीर थप्पड मारावयास नेमका रस्त्यावरचा हमालच निवडतात. ज्यांच्या टेबलापुढे मराठी माणसाला इंग्रजीत अर्ज लिहावा लागतो, तेथे यांचा आवाज खाली येतो.

एक भाषा टाकून मोकळा होतो, दुसरा भाषेची काठी करतो. दोघांनाही समोरच्या माणसाशी बोलावयाचे नसते. लाजणारा आणि मारणारा हे मला सख्खे भाऊ वाटतात ते याचमुळे.

नागपूरला तर हे दोन्ही रोग परवडणारे नाहीत. झिरो माइलच्या स्तंभाशी जाऊन पाहा. हैदराबाद, चांदा, शिवनी, छिंदवाडा, जबलपूर अशा गावांची अंतरे तेथे कोरलेली आहेत. श्रीनगरहून कन्याकुमारीकडे जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग आपल्या गावातून जातो आणि पूर्व-पश्चिम जाणारा ५३ क्रमांकाचा त्याला येथेच छेदतो. दक्षिणेला हिंगणघाट, पांढरकवडा करीत पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद आणि तेलुगू पाट्या. पण त्या नदीवर भाषा टोलनाक्यासारखी अडवीत नाही. आदिलाबादच्या बाजारात आजही मराठी कानी पडते. उत्तरेला सौसर आणि पांढुर्णा मध्यप्रदेशात गेले, तरी तेथल्या घरांतली मराठी काही गेली नाही. ज्याला आपण भाषेची भिंत म्हणतो ती रस्त्याने जाणाऱ्याला कोठेच लागत नाही. उन्हातून सावलीत यावे तशी एक भाषा दुसरीत शिरत जाते.

आणि गोंडी? ज्या बख्त बुलंद शहाने अठराव्या शतकाच्या आरंभी हे शहर वसविले तो गोंड राजा होता. २०११ च्या जनगणनेत गोंडी ही आपली मातृभाषा म्हणून सांगणारे सुमारे तीस लाख लोक निघाले. गडचिरोलीकडून, बालाघाटकडून त्यांतले कितीतरी लोक औषधपाण्यासाठी, कोर्टकचेरीसाठी नागपूरला येतात आणि बसस्थानकावर उतरून चार दिशांना पाहत उभे राहतात. त्यांच्यासाठी गोंडीत लिहिलेली एक पाटी मला तरी या शहरात आजवर दिसलेली नाही. मला स्वतःला त्या भाषेतले 'जय सेवा' एवढेच येते, आणि तेही एका मिरवणुकीच्या फलकावरून. सात समुद्रांपलीकडल्या सुट्टीसाठी चाळीस शब्दांची वही करणाऱ्या मला, ज्याच्या गावात साठ वर्षे राहिलो त्या राजाच्या भाषेसाठी वहीचे एक पानही फाडता आले नाही. परदेशात भाषा आडवी आली म्हणजे ती अडचण, आणि घरी दुसऱ्याला ती आडवी आली म्हणजे त्याचे अडाणीपण, असे आमचे गणित आहे.

१९४३ साली देशभरच्या मुख्य अभियंत्यांची परिषद नागपुरात भरली होती. राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, जिल्हामार्ग, खेड्यांचे रस्ते अशी रस्त्यांची प्रतवारी करून वीस वर्षांची योजना त्यांनी येथे आखली. ती 'नागपूर योजना' याच नावाने ओळखली जाते. देशात रस्ते कसे बांधावे हे आपल्या गावात ठरले. त्या रस्त्यावर भेटलेल्या माणसाशी कसे बोलावे, हे मात्र आपल्या गावाने अजून ठरवलेले नाही. आता तर समृद्धी महामार्गाने मुंबईपर्यंत ७०१ किलोमीटर सरळ वाट झाली. रस्ता जितका रुंद तितकी काच वर, आणि काच वर असली की कोणाला वाट पुसावी लागत नाही, कोणाला सांगावीही लागत नाही. या सोयीचा मला आनंद आहे आणि थोडी भीतीही आहे.

कोणी म्हणेल, मग तुमचा उपाय काय? सरकारने काय करावे? पाट्यांवर आणखी एकदोन भाषा लिहाव्यात, हे सरकारचे काम. ते त्याने जरूर करावे. पण माझा उपाय त्याहून स्वस्त आहे. मी वहीचे नवे पान काढले आहे. तेलुगूत उजवीकडे म्हणजे 'कुडि', डावीकडे म्हणजे 'एडम', सरळ म्हणजे 'नेरुगा'. पांढरकवड्याहून आलेल्या एका दुकानदाराने हे शब्द मला चहाच्या एका कपात शिकवले. गोंडी शिकवणारा शोधतो आहे.

आणि तुम्हांला एवढेच सांगतो. पुढल्या वेळी कोणी वाट पुसली की इंजिन बंद करा, काच पूर्ण खाली घ्या आणि आपल्या मराठीत बोला: "हे पाहा भाऊ, हा चौक सोडायचा, पुढच्या पुलाशी उजवीकडे." हाताने दाखवा. कळले नाही तर पुन्हा सांगा. त्याची भाषा येत असेल तर तिच्यात सांगा, येत नसेल तर बोटाने बॉनेटवर काढून दाखवा. नागपुरात बॉनेटवर धूळ पुष्कळ असते.